कडकबाई आणि त्या वायरी

कडकबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. 'कडकबाई' हे नाव गिऱ्हाइकांनी पाडलं होतं, आणि ते दोन्ही अर्थांनी खरं होतं. एक तर त्यांच्या हाताखालून गेलेल्या शर्टाची कॉलर अशी उभी राहायची की घालणाऱ्याला मान ताठ ठेवण्यावाचून इलाज नसायचा. आणि दुसरी त्यांची जीभ. शर्टाच्या खिशात पेन विसरून कपडे टाकणाऱ्याला त्या भर रस्त्यात असं काही सुनवायच्या, की तो माणूस पुढे जन्मभर पेन वापरताना त्यांची आठवण काढत असेल.

त्यांचं दुकान म्हणजे एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखालची जागा. जिना तिरका, म्हणून दुकानाचं छतही तिरकं. एका टोकाला ताठ उभं राहता यायचं, दुसऱ्या टोकाला वाकून. वाकायच्या बाजूला गाठोडी, ताठ बाजूला टेबल. टेबलावर जुन्या घोंगड्यांचे थर आणि वर एक पांढरी चादर, जिच्यावर इस्त्रीच्या टोकाचे तपकिरी डाग पडलेले. आणि इस्त्री कोळशाची. लोखंडाची, जड, लाकडी मुठीची. आता आसपास कोणाकडेही तसली इस्त्री राहिली नव्हती.

"काकू, विजेची घ्या की आता," गिऱ्हाइकं म्हणायची.

"विजेच्या इस्त्रीला वजन नाही. घडी बसत नाही," कडकबाई म्हणायच्या, आणि विषय तिथेच मिटायचा.

खरं कारण घडीचं नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कडकबाईंचा नवरा वायरमन होता. एका दुकानात काम करताना त्याने मेन स्विच खाली ओढून ठेवला होता. कोणीतरी अंधार आहे म्हणून तो परत वर केला. मुलगा तेव्हा कडेवर होता. त्या दिवसापासून कडकबाईंनी विजेशी बोलणं टाकलं. घरातल्या दिव्याचं बटणसुद्धा त्या लाकडी हँगरच्या टोकाने दाबायच्या. सून नवी नवी घरात आली तेव्हा तिला वाटलं, या घरची हीच रीत असेल. महिनाभर ती बिचारीही हँगर शोधून मगच दिवे लावत होती. शेवटी तिच्या नवऱ्याने पाहिलं आणि पोट धरधरून हसला.

तर अशा या कडकबाई. साठीला टेकल्या होत्या, तरी हॉटेलच्या चादरींचा ढीग दुपारच्या आत हातावेगळा करायच्या. मुलगा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. सून चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची. सासू-सुनेचं फार गूळपीठ नव्हतं आणि वैरही नव्हतं. दोघी एकमेकींच्या वाटेत येत नव्हत्या, एवढंच.

मग त्यांना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली.

पहिल्यांदा आली ती जिना चढताना. क्षणभर सगळं काळं झालं, कठडा हाताला लागला म्हणून पडल्या नाहीत. पुन्हा उजेड झाला तेव्हा छातीत पाखरू फडफडल्यासारखं वाटलं. "पित्त," त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्यांदा आली ती नळावर. तेव्हाही पित्त. पित्तावर एवढा भार टाकला की पित्तालाही लाज वाटावी. त्यातच छातीत जडपणा वाटायला लागला, म्हणून त्या रोज सकाळी छातीला बाम चोळायच्या. सुनेने विचारलं, "आई, कसला वास येतोय?" तर म्हणाल्या, "माझं वय झालंय, त्याचा."

हे असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका सकाळी इस्त्री करता करताच अंधारी आली, आणि या वेळी हाताशी कठडा नव्हता. इस्त्री टेबलावर तशीच राहिली, तोंड खाली, एका पांढऱ्या शर्टावर. समोर किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी होती. हा किल्लीवाला अंगाने पैलवानासारखा, पण मनाने मऊ; कडकबाई त्याला रोज दोन शब्द लागट बोलायच्या आणि तो रोज ते हसून घ्यायचा. त्याला आधी जळका वास आला, मग धूर दिसला, मग टेबलामागे कडकबाई दिसल्याच नाहीत. तो हातातली कानस टाकून रस्ता ओलांडून धावला. इस्त्री उचलून बाजूला फेकली, शर्टावर पाण्याची बादली ओतली, आणि खाली बघतो तर कडकबाई जमिनीवर, डोळे उघडत होत्या.

"काकू! काकू, ऐकू येतंय का?"

"शर्ट कोणाचा होता?" कडकबाईंनी पहिला प्रश्न हा विचारला.

किल्लीवाल्याने चष्म्याच्या दुकानात फोन केला. सून धावतपळत आली, तिच्या गळ्यात दुकानाचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. कडकबाई तोवर उठून बसल्या होत्या आणि जळलेला शर्ट उलटसुलट करून बघत होत्या, जणू रफू करता येईल. सुनेने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि एक शब्द न बोलता त्यांना रिक्षात घातलं.

दवाखाना जवळचाच होता. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, पापण्या उलटून पाहिल्या. मग म्हणाले, "आधी ईसीजी काढू. हृदयाची साधी तपासणी आहे, शेजारच्या खोलीतच होईल."

शेजारच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. कडकबाईंनी तिकडे पाहिलं. एक अरुंद खाट, शेजारी ढकलगाडीवर एक यंत्र, आणि त्या यंत्रातून खाली लोंबणाऱ्या वायरी. लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या.

कडकबाई उठल्या. "मला घरी जायचंय," म्हणाल्या, आणि चालायलाच लागल्या. सून मागे हाका मारत राहिली, बाकावर बसलेले पेशंट माना वळवून बघत राहिले, पण कडकबाईंनी चप्पल पायात सरकवली ती सरळ रस्त्यावरच.

डॉक्टरांनी सुनेला थांबवून सांगितलं, "बळजबरी करू नका, पण लांबवूही नका. चक्कर येऊन शुद्ध जाणं ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. त्यांना एकटं सोडू नका, गरम इस्त्री उचलू देऊ नका. पुन्हा शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला, तर इथे येण्यात वेळ घालवू नका. अँब्युलन्स बोलवा आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या."

संध्याकाळी घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण बोलत एकटी सूनच होती.

"लहान मुलंसुद्धा काढून घेतात हो ईसीजी! दुखत नाही, खुपत नाही. आई, तुम्ही मला एक कारण सांगा. एकच."

कडकबाई गाठोड्याची गाठ सोडत होत्या. ती गाठ काही केल्या सुटत नव्हती. "वायरी लावून घ्यायच्या नाहीत मला," एवढंच त्या म्हणाल्या.

सुनेला वाटलं, झालं, पुन्हा तो हँगर. तिने कपाळाला हात लावला.

पण ती हार मानणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने चष्म्याच्या दुकानातून रजा घेतली आणि जिन्याखाली स्टूल टाकून बसली. "तुम्ही पडलात तर धरायला कोणीतरी हवं ना," म्हणाली. कडकबाईंनी पुष्कळ आकांडतांडव केलं. ही बया कपड्यांच्या घड्या अशा घालते की जणू वर्तमानपत्र गुंडाळतेय, असं किल्लीवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. सून हलली नाही. आणि तिने इस्त्रीची मूठही सोडली नाही. "डॉक्टर म्हणालेत, उचलायची नाही," म्हणत कोळसे भरलेली ती जड इस्त्री तीच ढकलत राहिली. तिला सवय कुठली! दुपारी झाकण नीट न लागल्याने एक निखारा उडाला आणि तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी सगळ्यात नाजूक असते तिथे, चटका बसला. ती ओरडली नाही. हात नळाखाली धरला, पुसला, आणि पुन्हा मूठ हातात घेतली.

कडकबाई ते बघत होत्या. त्यांच्या स्वतःच्या हातांवर असल्या डागांची गणती नव्हती. पण स्वतःच्या हातावरचा डाग आणि आपल्यामुळे दुसऱ्याच्या हातावर आलेला डाग, यांत फरक असतो. त्यांनी पुढचा शर्ट टेबलावरून उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "ठेव ती खाली. उद्या जाऊ."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तुझ्या त्या वायरींकडे."

सकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मोठ्या हॉस्पिटलातच जायला सांगितलं, म्हणजे पुढचं काही लागलं तर तिथेच होईल. ईसीजीची खोली तळमजल्यावर, लांब व्हरांड्याच्या टोकाला. आत पडदा, खाट, खाटेवर कागदाची चादर. यंत्र चालवणारी बाई चाळिशीची, अंगाने भरलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. सुनेने सवयीने आधी तिच्या चष्म्याची फ्रेम पाहिली आणि ती ढिली झाल्याचं मनातल्या मनात नोंदवलं.

"या काकू. दार लावून घेते, पडदा ओढते. आत आपण बायकाच आहोत, तुमच्या सूनबाईंना थांबू दे हवं तर. वरचे कपडे काढून हा गाऊन घाला, पुढून उघडा. हातातलं, गळ्यातलं काढून सूनबाईंकडे द्या. मोजे असतील तर तेही."

कडकबाईंनी गाऊन घातला आणि खाटेच्या कडेला बसल्या. आडव्या व्हायचं नाव घेईनात. यंत्रवालीने त्यांच्या छातीवर कापसाचा बोळा फिरवला आणि थांबली. "बाम लावलाय का?"

"थोडा."

"थोडा कुठला, डबी पालथी केलेली दिसतेय," ती हसली. "हरकत नाही, पुसून घेते. तेलकट कातडीला हे रबरी फुगे चिकटत नाहीत ना, मग निघून येतात आणि रेघ वेडीवाकडी येते. पुढच्या वेळी त्या दिवशी तेल, बाम, क्रीम काही लावायचं नाही. नुसतं आंघोळ करून यायचं. आणि गोळ्या कुठल्या घेता?"

"पित्ताच्या."

"बाकी कुठल्या असतील तर डॉक्टरांना आठवून सगळ्या सांगा. हं, आता पडा बघू."

कडकबाई आडव्या झाल्या. यंत्रवालीने त्यांच्या मनगटाला पहिला चिमटा लावला, कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखाच, जरा मोठा. आणि वायर हातात घेतली. त्याबरोबर कडकबाईंनी तिचा हात घट्ट धरला. इस्त्रीने कमावलेला हात तो. यंत्रवालीला तो सोडवता येईना.

"काय झालं काकू?"

"त्यांना लावल्या होत्या," कडकबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की सुनेला आधी कळेना, बोललं कोण.

"कोणाला?"

"माझ्या मालकांना. शॉक बसला तेव्हा. दवाखान्यात आत नेलं आणि मला बाहेर उभं केलं. दाराच्या फटीतून मी बघत होते. शर्ट कात्रीने फाडला. छातीवर अशाच वायरी लावल्या. विजेनेच तर पडला होता माणूस, आणि हे परत वायरी लावतायत! मी ओरडले, काढा म्हणून. कोणी ऐकलं नाही. ते यंत्र चालू झालं, कागद सरकला, त्याच्यावर सरळ रेघ. आणि मग त्यांनी बाहेर येऊन मला सांगितलं, संपलं." त्या थांबल्या. "वायरी लावेपर्यंत ते होते. त्यांचा हात गरम होता. मी धरला होता."

सून खाटेच्या पायथ्याशी उभी होती. एवढी वर्षं ज्या हँगरवर ती मनातून हसत आली, तो हँगर तिला आठवला आणि तिने खाली बघितलं.

यंत्रवालीने घाई केली नाही. वायर बाजूला ठेवली, स्टूल ओढून बसली आणि आपला हात कडकबाईंच्या मुठीत तसाच राहू दिला.

"काकू, या वायरींतून आत काही जात नाही. एवढासुद्धा करंट आपण अंगात सोडत नाही. उलटं असतं. हृदयाची आपली स्वतःची बारीकशी वीज असते, प्रत्येक ठोक्याला. ती ऐकायची, एवढंच यांचं काम. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात ना, तसं. तुमच्या मालकांना त्या लावल्या, त्या ऐकायलाच लावल्या असणार. अजून आहे का, हे बघायला. वायरींनी काही नेलं नाही हो. ते त्याच्या आधीच…" तिने वाक्य सोडून दिलं. "शेवटपर्यंत कोणीतरी ऐकत होतं, असं समजा."

कडकबाईंनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. सुनेने पुढे होऊन आपल्या ओढणीच्या टोकाने ते पुसलं. असं ती आधी कधी करू धजली नसती. आणि कडकबाईंनीही आधी कधी करू दिलं नसतं.

"लाव," कडकबाई म्हणाल्या, आणि मूठ सोडली.

दोन्ही मनगटांना, दोन्ही घोट्यांना चिमटे लागले. छातीवर गार गार जेल आणि त्यावर रबरी फुगे, डावीकडे काखेपर्यंत. यंत्रवालीने बटण दाबलं, कागद पाहिला, मान हलवली. "काकू, थरथरताय. थंडी वाजतेय का? हात-पाय हलले, थरथरले, की ते पण यात उमटतं. मग डॉक्टरांना हृदय कुठलं आणि थरथर कुठली, कळत नाही." तिने पंखा बंद केला, त्यांच्या पायांवर पांघरूण घातलं. "अंग सैल सोडा. बोलायचं नाही. श्वास मात्र रोजच्यासारखा चालू द्या, धरून ठेवू नका."

अंग सैल सोडणं कडकबाईंना जन्मात जमलं नव्हतं. तेव्हा सून हळूच म्हणाली, "आई, खळ न घातलेल्या कापडासारखं पडा."

कडकबाईंना हसू आलं. हसणं ओसरलं तसं अंगही सैल पडलं, आणि नेमक्या त्याच वेळी यंत्रवालीने बटण दाबलं. कागद सरसर बाहेर आला.

"झालं."

"झालं?" कडकबाईंनी डोळे उघडले. "मला तर काही कळलंच नाही."

"कळायचं काय त्यात? मी म्हटलं ना, ऐकते नुसती."

"मग? काय म्हणतंय?"

"ते डॉक्टर सांगतील. मी काढून देते, वाचायचं काम त्यांचं."

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना झोपेची गरज असल्यासारखं दिसत होतं. त्यांनी कागद उलगडून खालीवर बघितला. "ईसीजी ठीक आहे तसा."

"बघितलंस?" कडकबाई सुनेकडे वळल्या. अंगात एकदम जुना कडकपणा परत आला. "पित्तच होतं. उगाच माझे दिवस खाल्ले. चल."

"बसा," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही आता चक्कर येऊन पडलात का?"

"नाही."

"मग या कागदात ती चक्कर कुठून येणार? हा काही क्षणांचा हिशेब आहे. समजा तुमच्या गल्लीत चोर येतो. मी भर दुपारी येऊन गल्लीचा एक फोटो काढला, त्यात चोर दिसला नाही. म्हणजे गल्लीत चोर येतच नाही, असं होतं का?"

कडकबाईंना हा माणूस आवडायला लागला. गिऱ्हाइकाशी असंच बोलावं लागतं.

"मग काय करायचं?"

"गल्लीत पहारेकरी बसवायचा. एक छोटं यंत्र देतो, एक पूर्ण दिवस आणि रात्र अंगावर ठेवायचं. याच्याही वायरी आहेत," भीतीचं आधी कानावर घालणाऱ्या सुनेकडे त्यांनी एकदा बघून घेतलं, "आणि यातूनही आत काही जात नाही. आंघोळ करायची नाही, भिजवायचं नाही. बाकी रोज जे करता ते सगळं करायचं. गरम इस्त्री सोडून. आणि चक्कर आल्यासारखं, धडधडल्यासारखं वाटलं की हे बटण दाबायचं. म्हणजे मला नेमकं कुठे बघायचं ते कळेल. रक्ताच्या तपासण्याही करून घेऊ."

अशा रीतीने, ज्या बाईने नवरा गेल्यापासून विजेच्या बटणाला बोट लावलं नव्हतं, ती कमरेला डबी आणि छातीला वायरी लावून जिन्याखाली बसली. किल्लीवाला बघायला आला. "काकू, गाणी पण लागतात का यावर?" त्याने विचारलं. कडकबाईंनी त्याला जे उत्तर दिलं ते इथे देण्यासारखं नाही. सून इस्त्री करत होती, कडकबाई घड्या घालत होत्या. तेवढ्यात जळलेल्या शर्टाचा मालक, एक वकील, जाब विचारायला आला. तो तावातावाने बोलत होता आणि कडकबाई टेबलाखाली बटण दाबत होत्या. तो पुन्हा बोलला, त्यांनी पुन्हा दाबलं.

दुपार टळली. उन्हं तिरपी होऊन जिन्याखाली आली होती. कडकबाई स्टुलावर बसून उशांचे अभ्रे एकावर एक ठेवत होत्या, आणि काळोख आला. आवाज न करता, मागून कोणी चादर टाकावी तसा. या वेळी त्या पडल्या नाहीत, कारण सुनेने इस्त्री सोडून त्यांचे खांदे धरले होते. उजेड परतला तेव्हा छातीत तेच पाखरू फडफडत होतं. कडकबाईंच्या बोटाने चाचपडत बटण शोधलं.

सुनेने अँब्युलन्स बोलवायला फोन उचललाच होता. कडकबाई म्हणाल्या, "थांब, मी बरी आहे." पण सूनही आता काही कमी कडक राहिली नव्हती. "तुम्ही बरं-वाईट ठरवायचं नाही," ती म्हणाली आणि नंबर फिरवला. त्या रात्री कडकबाई हॉस्पिटलातच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर रेघा दाखवल्या. मुलगाही तोवर बस दुसऱ्याच्या हवाली करून आला होता आणि आईच्या खाटेशी उभा होता.

"हे इथे तुम्ही बटण दाबलंय, पण ठोके जरा वाढलेत एवढंच. इथेही तसंच. काय चाललं होतं तेव्हा?"

"वकील आला होता," सून म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी रेघ पुढे सरकवली. "आणि हे दुपारनंतरचं."

लहान मोठ्या टेकड्या ओळीने चालल्या होत्या, एकसारख्या, हाताने शिवलेल्या टाक्यांसारख्या. आणि मग नाही. मग नुसती सरळ रेघ. लांब. त्यानंतर एक टेकडी, जरा बिचकत आल्यासारखी. मग दुसरी. मग पुन्हा ओळ सुरू.

कडकबाई त्या रेघेकडे बघत राहिल्या. दाराच्या फटीतून दिसलेल्या कागदावर हीच रेघ होती.

"ही… ही माझी आहे?"

"तुमची. इथे तुमचं हृदय काही सेकंद थांबलं होतं. म्हणून अंधारी येते. ठोक्याचा निरोप वरून खाली पोचायला हवा, तो मध्येच अडकतो. मग थोड्या वेळाने पुन्हा पोचायला लागतो."

"म्हणजे लूज कनेक्शन."

"अगदी बरोबर."

"याचे वडील जन्मभर लोकांची लूज कनेक्शनं जोडत फिरले," कडकबाई मुलाकडे हात करून म्हणाल्या. मग बोट पडद्यापर्यंत नेऊन, त्याला न लावता, त्या सरळ रेघेनंतरची पहिली टेकडी दाखवली. "हे परत कसं सुरू झालं?"

"आपोआप. या वेळी झालं. दर वेळी होईल असा भरवसा नाही. म्हणून पेसमेकर बसवू या म्हणतोय. काडेपेटीहून लहान डबी, कातडीखाली. हृदय थांबलं की ती हळूच टोचणी देते. थांबलं नाही तर गप्प बसते."

"त्यात करंट असतो."

"असतो. अगदी थोडा. तुम्हाला जाणवणारही नाही."

कडकबाईंनी मांडीवरची चादर सरळ केली, तिची कडा जुळवली. "बाहेरून कोणी त्याचा मेन स्विच खालीवर करू शकतं का?"

डॉक्टरांना प्रश्नाचं मूळ ठाऊक नव्हतं, पण विचारणाऱ्या बाईचा चेहरा त्यांनी पाहिला आणि खुर्ची जवळ ओढली. "नाही. येणाराजाणारा कोणी हात लावू शकत नाही. तपासणीला याल तेव्हा आम्ही इथे, तुमच्यासमोर, तुम्हाला सांगून बघतो. बॅटरीही एकाएकी संपत नाही, कित्येक महिने आधी कळतं."

"मग बसवा."

"कुठल्या हाताने काम करता?"

"डाव्या."

"मग उजवीकडे बसवू. काही आठवडे उजवा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही."

ते काही आठवडे घरच्यांना जड गेले. कडकबाई स्टुलावर बसून हुकूम सोडायच्या आणि सून इस्त्री करायची. कॉलर आधी, मग खांदे, मग बाह्या. मागची बाजू शेवटी. सुनेच्या घड्या हळूहळू बऱ्या व्हायला लागल्या, हे कडकबाईंनी तिला सांगितलं नाही; किल्लीवाल्याला सांगितलं, ती ऐकतेय हे बघून. पुढे स्वतः कामाला लागल्या तरी इस्त्री कोळशाचीच ठेवली. मुलगा म्हणाला, आता तर तू स्वतःच विजेवर चालतेस, आता कसली भीती? त्या म्हणाल्या, "भीती नाही. त्या इस्त्रीला वजन नाही." या वेळी ते खरं होतं.

आसपासच्या बायका त्यांना विचारायला यायला लागल्या. दुखतं का, सगळे कपडे काढावे लागतात का, आत पुरुष असतो का. कडकबाई कपड्याला पाणी मारत मारत सांगायच्या, "दुखत नाही. बाईमाणूस मागितलं तर मिळतं, तोंड उघडून मागायचं. बाम लावून जाऊ नका. आणि कागद चांगला आला म्हणून नाचत घरी येऊ नका, जे होतंय ते डॉक्टरला नीट सांगा." एकदा किल्लीवालाच रेंगाळला. त्यालाही तपासणी सांगितली होती. छातीवरचे केस काढतात म्हणे, त्याने इकडे तिकडे बघत विचारलं. कडकबाईंनी त्याच्या शर्टाच्या उघड्या गळ्यातून डोकावणाऱ्या जंगलाकडे पाहिलं. "चिकटायला जागा लागेल तेवढेच काढतात," त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबतीत मात्र अर्धा दिवस मोडेल." तो रागावून गेला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन आला.

सुनेने रजा संपवून पुन्हा चष्म्याचं दुकान गाठलं होतं. पेसमेकरच्या तपासणीची तारीख आली तेव्हा कडकबाई कोणाला न सांगता एकट्याच बसने हॉस्पिटलात गेल्या, नंबर लावला, वायरी लावून घेतल्या, आणि संध्याकाळी घरी येऊन सहज सांगितलं. सून भडकली. "एकटं जायचं नाही म्हटलं होतं ना? वाटेत काही झालं असतं तर? मला एक फोन करता आला नाही?"

कडकबाई आयुष्यात पहिल्यांदा तिचं बोलणं खाली मान घालून ऐकत होत्या. ती थांबली तेव्हा म्हणाल्या, "झालं का बोलून? पुढच्या वेळी तू चल. आणि हो, त्या यंत्रवालीच्या चष्म्याची फ्रेम ढिली झालीय. घट्ट करायचं ते काय असतं तुमचं, ते घेऊन ये."